बांधावर रोवलेलं फावडं

कुठेही पूर आला, वादळ आलं, भूकंप झाला की पहिले दोन दिवस सगळे हळहळतात आणि तिसऱ्या दिवसापासून एक प्रश्न सुरू होतो, हे लोक तिथे राहिलेच कशाला? इशारा दिला होता ना, मग निघाले का नाहीत? पाण्याच्या तोंडावर घर बांधायला कुणी सांगितलं होतं, विमा का नाही काढला, चार पैसे बाजूला का नाही टाकले, आणि आता सगळं सरकारनेच करायचं का, तेही आमच्या टॅक्सच्या पैशातून. असं बोलणारी माणसं वाईट असतात असं मला अजिबात वाटत नाही, त्यातले बरेच जण स्वतः कष्टाने वर आलेले असतात आणि फुकट मिळालं की माणूस बिघडतो असं त्यांना अगदी मनापासून वाटत असतं. पण हा प्रश्न चुकीच्या वेळी आणि चुकीच्या माणसाला विचारला जातो असं माझं मत आहे, आणि दर वेळी दोन वाक्यात उत्तर देऊन माझं समाधान होत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

माझं म्हणणं एवढंच आहे की जबाबदारी पर्यायाच्या मापाने मोजायला हवी. ज्याच्यापुढे दहा वाटा होत्या आणि ज्याच्यापुढे एकच वाट होती ती पण बंद, त्या दोघांना एकाच तराजूत घालता येत नाही. ही गोष्ट मान्य केली की पुढचा प्रश्न आपोआप येतो, की वाटा तयार कोण करतं आणि बंद कोण करतं.

अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहराचं उदाहरण घेऊ कारण तिथे हा वाद सगळ्यात कडवटपणे झाला. २९ ऑगस्ट २००५, सोमवार, सकाळी कॅटरिना चक्रीवादळ किनाऱ्यावर आलं. शहर सोडायचा सक्तीचा आदेश महापौरांनी दिला तो रविवारी सकाळी, म्हणजे हातात एक दिवस पण नीट नव्हता. ज्यांच्याकडे गाडी होती, क्रेडिट कार्ड होतं, दुसऱ्या शहरात कुणीतरी नातेवाईक होतं, ते बहुतेक सगळे निघाले आणि हायवेवर तासन् तास अडकून का होईना पण बाहेर पडले. त्या शहरात साधारण एक लाख माणसं अशी होती की ज्यांच्या घरात गाडीच नव्हती. महिनाअखेर होती, पगार आणि सरकारी चेक महिन्याच्या सुरुवातीला येणार होते, म्हणजे हातावर पोट असणाऱ्याच्या खिशात त्या दिवशी जवळपास काही नव्हतं. आता एक म्हातारी बाई डोळ्यासमोर आणा, पंच्याहत्तरीच्या पुढची, एकटी राहणारी, गुडघे गेलेले, औषधं चालू, जवळ एक कुत्रा. रेडिओ सांगतोय निघा. कशाने निघू, कुठे जाऊ, कुत्र्याचं काय करू, आणि मागच्या वेळी पण निघा म्हणाले होते तेव्हा काहीच झालं नव्हतं. ती घरात थांबते. ही बाई मी कल्पनेने उभी केलीय पण लुईझियानात, म्हणजे हे शहर ज्या राज्यात आहे तिथे, मेलेल्यांपैकी जवळपास निम्मे लोक पंच्याहत्तरीच्या पुढचे होते, हे कल्पनेतलं नाही. आणि शहरातल्या स्कूलबस पार्किंगमध्ये रांगेत उभ्या राहून बुडाल्या, ते फोटो सगळ्या जगाने बघितले. ड्रायव्हर ठरलेले नव्हते, कुठे न्यायचं ते ठरलेलं नव्हतं. म्हणजे बस होत्या, माणसं होती, फक्त दोघांना जोडणारं काही नव्हतं, आणि ते जोडायचं काम त्या म्हातारीचं नव्हतं.

वाईट याचं वाटतं की हे सगळं आधी माहीत होतं. जुलै २००४ मध्ये म्हणजे वर्षभर आधी 'हरिकेन पॅम' नावाची एक रंगीत तालीम झाली होती, अमेरिकेच्या केंद्रीय आपत्ती संस्थेच्या, फेमाच्या पैशातून, त्यात असंच वादळ धरलं होतं, असंच शहर बुडेल असं धरलं होतं, आणि खूप लोकांना स्वतःहून बाहेर पडता येणार नाही हे पण धरलं होतं. तालीम झाली आणि कागद कागदाच्या जागी राहिले. आणि शहराचा जवळपास ८० टक्के भाग जो पाण्याखाली गेला तो नुसत्या वादळाने नाही गेला, पूररोधक बांध आणि भिंती पन्नासेक ठिकाणी फुटल्या म्हणून गेला, ज्या सरकारच्याच म्हणजे अमेरिकी लष्कराच्या इंजिनिअर विभागाने, इंजिनिअर कोअरने बांधल्या होत्या आणि ज्यांच्या डिझाइनमध्ये चुका होत्या हे त्या कोअरने २००६ मध्ये स्वतः मान्य केलं. कालव्याच्या भिंतीचा पाया किती खोल आहे हे तिच्या आडोशाला राहणाऱ्या माणसाने कसं तपासायचं? तो भिंतीवर विश्वास ठेवून राहिला, घर घेतलं, पोरं वाढवली. त्याला तुम्ही बेजबाबदार म्हणणार आणि भिंत बांधणाऱ्याला तांत्रिक चूक झाली म्हणणार, हे मला पटत नाही.

बांधाचा विषय निघालाच आहे तर नेदरलँड्सची एक जुनी पद्धत सांगतो, ती माझ्या डोक्यात कायम घोळत असते. तिथे समुद्राच्या पातळीखालची जमीन, सगळा जीव बांधावर. पूर्वीच्या काळी बांधाचे तुकडे पाडून ज्याच्या त्याच्या वाट्याला दिलेले असायचे, तुझ्या शेताच्या मानाने तुझा एवढा तुकडा, त्याची डागडुजी तू करायची. शुद्ध वैयक्तिक जबाबदारी म्हणतात ती हीच. आणि ज्याला ते झेपायचं नाही त्याने आपलं फावडं बांधावर रोवायचं आणि जमीन सोडून निघून जायचं. जो फावडं उपसेल त्याची जमीन, आणि बांध सांभाळायची जबाबदारी पण त्याचीच. ऐकायला किती स्वच्छ नियम वाटतो बघा. पण यातली गोम अशी की पाणी काही सातबारा बघून येत नाही. आजारी पडलेल्या एका शेतकऱ्याचा वीस हातांचा तुकडा कच्चा राहिला की पाणी तिथून घुसणार आणि ज्यांनी आपापले तुकडे इमानेइतबारे सांभाळले त्यांना पण बुडवणार. म्हणून हळूहळू तुकडे पाडायची पद्धत मागे पडली, पाण्याची मंडळं, तिथल्या भाषेत वॉटरस्खाप, त्यांनी सगळा बांध आपल्या ताब्यात घेतला, सगळ्यांकडून कर घ्यायचा आणि बांध एकत्र सांभाळायचा. ही मंडळं तेराव्या शतकापासूनची आहेत आणि आज पण त्यांच्या वेगळ्या निवडणुका होतात, वेगळा कर असतो. तरी १ फेब्रुवारी १९५३ च्या रात्री समुद्र आत आला आणि १,८३६ माणसं गेली. त्यानंतर त्या देशाने लोकांना पोहायला शिका असं नाही सांगितलं, डेल्टा प्रकल्प हातात घेतला आणि चार दशकांहून जास्त काळ तो चालला, सरकारं बदलली तरी चालला.

हे मी एवढ्यासाठी सांगितलं की वैयक्तिक जबाबदारी हा शब्द वापरणाऱ्यांना वाटतं की सामूहिक व्यवस्था म्हणजे कुणीतरी आपली जबाबदारी दुसऱ्यावर ढकलणं. तिथल्या लोकांनी जबाबदारी सोडली नाही, कर भरतात, मंडळ निवडून देतात. फक्त त्यांच्या हे लक्षात आलं की काही गोष्टी एकेकट्याने करायच्या नसतातच, कितीही कष्टाळू असलात तरी.

आता मदत देताना घातल्या जाणाऱ्या अटींबद्दल बोलतो. माणूस खरंच गरजू आहे का, आळशी तर नाही ना, हे तपासायची हौस सगळ्या सरकारांना असते आणि बाहेरून बघणाऱ्यांना पण ते योग्य वाटतं. या तपासणीचा इतिहास वाचला तर अंगावर काटा येतो. १८४७ मध्ये आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक सडून दुष्काळ पडलेला असताना ब्रिटिश संसदेने एक कलम घातलं, विल्यम ग्रेगरी नावाच्या खासदाराने आणलेलं, की ज्याच्याकडे पाव एकरापेक्षा जास्त जमीन कसायला आहे त्याला सरकारी मदत नाही. पाव एकर म्हणजे दहा गुंठे. विचार असा की जमीन असलेल्याने जमिनीवर भागवावं. पण पीकच सडलेलं, जमीन काय खायची? मग पोरांना जगवायचं असेल तर जमीन सोडायची आणि मग मदत घ्यायची. लोकांनी जमिनी सोडल्या, मालकांनी खोपट्या पाडून टाकल्या, आणि दुष्काळ संपल्यावर पुन्हा उभं राहायला ज्या दहा-वीस गुंठ्यांचा आधार झाला असता तोच गेला. म्हणजे स्वावलंबन टिकावं म्हणून घातलेल्या अटीने स्वावलंबनाचं साधनच काढून घेतलं. त्या दुष्काळात साधारण दहा लाख माणसं मेली.

आपल्याकडचं उदाहरण तर अजून जवळचं आहे. १८७३-७४ मध्ये बिहारमध्ये दुष्काळ पडला तेव्हा रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याने ब्रह्मदेशातून जहाजं भरभरून तांदूळ आणला आणि लोकांना वाटला, मृत्यू जवळजवळ टळले. शाबासकी मिळायला हवी होती ना, पण त्याच्यावर उधळपट्टीचा ठपका आला, एवढा खर्च कशाला केला म्हणून. हाच माणूस १८७७ मध्ये दख्खन आणि मद्रासच्या दुष्काळात पाठवला गेला आणि या वेळी तो खर्च वाचवायचा चंग बांधूनच आला. दुष्काळी कामावर दिवसभर माती-दगड उचलणाऱ्या माणसाला दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे अर्धा किलो पण नाही, आणि वर किरकोळ पैसे. हे आधीपेक्षा पण कमी केलेलं. शिवाय काम मुद्दाम घरापासून लांब ठेवायचं, म्हणजे खरा गरजू असेल तोच एवढं चालत येईल असा हिशोब. उपाशी माणसाला मैलोन् मैल चालवून त्याची गरज तपासायची. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी या मजुरीवर काम करायला नकार दिला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारकडे लावून धरली, मद्रासच्या आरोग्य अधिकाऱ्याने, डॉ. कॉर्निश यांनी, हे अन्न जगायला पुरेसं नाही असं ठणकावून सांगितलं, तेव्हा कुठे काही महिन्यांनी मद्रासमध्ये मजुरी वाढली. तोपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. १८७६ ते ७८ च्या त्या दुष्काळात पन्नास लाखांच्या वर माणसं गेली. एकाच अधिकाऱ्याच्या हातून दोन दुष्काळ हाताळले गेले, एकात माणसं वाचली म्हणून बोलणी खावी लागली आणि दुसऱ्यात पैसे वाचले. मला वाटतं मदतीच्या खर्चाबद्दल बोलताना हे दोन दुष्काळ प्रत्येकाने शेजारी शेजारी ठेवून बघावेत, कारण उधळपट्टीची भीती पुढच्या निर्णयात कशी उतरते ते त्यात स्पष्ट दिसतं.

गरीब माणसाला पैसे दिले की तो उडवतो, दारूत घालवतो, हे वाक्य पण त्याच घराण्यातलं आहे. हे नुसतं मत म्हणून सोडून द्यायचं कारण नाही कारण हे तपासून झालंय. जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी वेगवेगळ्या देशांतल्या रोख मदतीच्या योजनांवरचे अभ्यास एकत्र करून बघितले, तर रोख पैसे मिळाल्यावर दारू-तंबाखूवरचा खर्च वाढतो असं काही दिसलं नाही, उलट बऱ्याच ठिकाणी तो थोडा कमीच झाला. एखादा उडवणारा असतोच, तो पगारदारांत पण असतो, पण त्या एकाकडे बोट दाखवून उरलेल्या सगळ्यांना रांगेत ताटकळत ठेवणं हे काही धोरण होऊ शकत नाही.

पण मला दुसऱ्या बाजूचं जे खरं आहे ते पण मान्य करायचंय, नाहीतर हे एकतर्फी होईल. सरकार भरून देणार आहे हे माहीत असलं की माणूस धोका पत्करतो, हे खोटं नाही. अमेरिकेत १९६८ पासून सरकारी पूरविमा आहे, आणि त्यात काही घरं अशी आहेत की जी बुडतात, भरपाई घेतात, तिथेच पुन्हा बांधली जातात, पुन्हा बुडतात, पुन्हा भरपाई. विमा उतरवलेल्या घरांमध्ये ही घरं एक टक्क्याच्या आसपास पण भरपाईतला पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त यांनीच खाल्लेला. ही योजना एवढी कर्जात गेली की २०१७ मध्ये अमेरिकन संसदेने तिचं १६ अब्ज डॉलरचं कर्ज माफ केलं. म्हणजे फुकटात धोका पत्करायची सवय लागते हा आरोप इथे बरोबर लागू होतो. पण हा विमा ज्यांच्याकडे आहे ती कुटुंबं विमा नसलेल्यांपेक्षा सहसा जास्त उत्पन्नवाली निघतात हे फेमाच्याच अभ्यासात दिसलंय. पाण्याच्या काठावरचं सुंदर घर हा त्यातल्या अनेकांचा निवडलेला पर्याय असतो. त्याच्यापुढे दहा वाटा होत्या आणि त्याने ही घेतली, मग जबाबदारीचा प्रश्न त्याला खुशाल विचारा, मी तुमच्या बरोबर आहे. एकदा भरपाई घ्या आणि उंचावर बांधा किंवा दुसरीकडे जा, तिथेच पुन्हा बांधायचं असेल तर तुमच्या हिमतीवर, असा नियम केला तर मला तो कठोर वाटणार नाही. पण जो माणूस नाल्याच्या काठाला राहतो कारण कामाच्या जवळ त्याला परवडणारी दुसरी जागाच नाही, त्याला तोच नियम लावाल तर तुम्ही त्याला धोका पत्करू नको म्हणत नाही, तुम्ही त्याला शहरात राहू नको म्हणताय, आणि सकाळी तुमच्याकडे कामाला मात्र तो यायला हवा असतो.

हे पर्यायाचं माप काही फक्त लोकांना लावायचं नाही, सरकारलाही लावायचंय. नकाशे कुणाकडे असतात, पूररेषा कोण आखतं, त्या रेषेच्या आत बांधकामाला परवानगी कोण देतं, धरणातून पाणी कधी सोडायचं ते कोण ठरवतं? यातला एकही निर्णय बुडणाऱ्या माणसाच्या हातात नसतो. पण नंतर जी चर्चा होते ती मदतीची होते, किती जाहीर केली, किती पोचली, कुणी फोटो काढले. आधीच्या निर्णयांची चर्चा वरातीमागून घोडं आल्यासारखी चार वर्षांनी एखाद्या समितीच्या अहवालात येते आणि तोपर्यंत बदल्या झालेल्या असतात. लोकांनी मदतीबद्दल जेवढा आवाज उठवला त्याच्या निम्मा आवाज परवानग्यांबद्दल उठवला असता तर बरं झालं असतं असं मला नेहमी वाटतं, आणि ही गोष्ट मात्र मी आपल्या सगळ्यांच्याच जबाबदारीत धरतो.

सरकारने केलं म्हणून लोक हातपाय हलवत नाहीत, या समजुतीला सगळ्यात ठोस उत्तर महाराष्ट्राने दिलंय आणि ते आपणच विसरून जातो. १९७२ चा दुष्काळ. पाऊस गेला, पिकं गेली, आणि लाखो लोक कामावर आले, खडी फोडायला, पाझर तलाव खणायला, बांधबंदिस्ती करायला. १९७३ च्या उन्हाळ्यात पन्नास लाखांच्या आसपास माणसं दुष्काळी कामांवर होती, आणि त्यात बायका प्रचंड संख्येने. हे लोक आळशी होते असं कुणी म्हणून दाखवावं. ऊन डोक्यावर, जमिनीवर बसून हातोडीने दगडाची बारीक खडी करायची, डोळ्यात कचरा जायचा, हाताला फोड यायचे, तान्हं पोर शेजारी झोळीत. वि. स. पागे यांनी मांडलेली कल्पना, मागेल त्याला काम, तिचा पुढे कायदा झाला, १९७७ मध्ये मंजूर होऊन २६ जानेवारी १९७९ पासून लागू. आणि पैसे कुठून आले तर त्यासाठी शहरातल्या नोकरदार-व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसला, तो आज पण अनेकांच्या पगारातून कापला जातो आणि कशासाठी सुरू झाला ते बहुतेकांना माहीत नसतं. या कायद्यात मला जे आवडतं ते हे की त्यात हक्क आणि कष्ट एकमेकांच्या विरोधात उभे केलेले नाहीत. काम मागायचा तुमचा हक्क, द्यायची सरकारची जबाबदारी, करायची तुमची, आणि पैसे भरायची शहरातल्या माणसाची. टेंपलच्या छावणीत पण कामच होतं, दगडच उचलायचे होते, पण तिथे काम ही परीक्षा होती आणि इथे काम हा अधिकार होता. त्यात भ्रष्टाचार झाला, खोटी हजेरीपत्रकं भरली गेली, कामं अर्धवट राहिली, हे सगळं खरं आहे आणि त्याबद्दल बोललंच पाहिजे, पण त्यासाठी कल्पनाच मोडीत काढायची नसते.

घरं बांधण्याच्या बाबतीत पण हेच दिसतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, जाड दगड-मातीच्या भिंती आणि वरचं जड माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. नंतर ५२ गावं नवीन जागी वसवली गेली, मोठं काम झालं, यात शंका नाही, पण बरीचशी घरं दुसऱ्यांनी बांधून दिलेली, आखीव चौकोनी रस्त्यांची गावं, आणि शेजार तुटला, शेत लांब पडलं असं लोक वर्षानुवर्षं सांगत राहिले. २००१ च्या कच्छच्या भूकंपानंतर गुजरातमध्ये मुख्य भर वेगळा ठेवला, पैसे हप्त्याहप्त्याने घरमालकाच्या खात्यात, इंजिनिअर येऊन भूकंपरोधक पट्टे नीट घातलेत का ते बघणार, मग पुढचा हप्ता. घर कसं हवं ते ज्याने त्याने ठरवलं, गवंडी त्यानेच शोधला. यात सरकार मागे हटलेलं नव्हतं बरं का, पैसा त्याचा, नियम त्याचे, तपासणी त्याची. पण माणसाला हात पुढे करून बसवून ठेवलं नाही, त्याच्या हातात थापी दिली.

बांगलादेशची गोष्ट मला सगळ्यात जास्त धीर देते. १२ नोव्हेंबर १९७० च्या भोला चक्रीवादळात तीन ते पाच लाख माणसं मेली असं धरतात, एका रात्रीत. १९७२ मध्ये रेड क्रॉसच्या मदतीने चक्रीवादळ पूर्वतयारीचा कार्यक्रम सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी सरकार त्यात आलं. गावागावात स्वयंसेवक, त्यांच्याकडे भोंगा, शिट्टी, आणि झेंडे, धोका वाढेल तसे एकाचे दोन, दोनाचे तीन झेंडे चढवायचे. तरी १९९१ मध्ये एक लाखाच्या वर माणसं गेली, आणि त्यात बायका पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त. इशारा पोचला होता पण घर सोडून जायचा निर्णय बाईच्या हातात नव्हता, आणि गर्दीच्या निवाऱ्यात परक्या पुरुषांमध्ये रात्र काढायची तिला भीती होती. म्हणजे पर्याय कागदावर होता, तिच्यासाठी नव्हता. मग निवारे वाढवले, बायकांना वेगळी जागा केली, जनावरांसाठी मातीचे उंच ओटे केले कारण गाय सोडून माणूस येत नाही हे लोकांना माहीत होतं. (न्यू ऑर्लिन्समध्ये कुत्र्या-मांजरांसाठी लोक थांबले होते, तिथे आपत्तीत पाळीव प्राण्यांची पण सोय करायचा कायदा २००६ मध्ये झाला.) आज तिथे ७६ हजारांच्या आसपास स्वयंसेवक आहेत आणि त्यातल्या निम्म्या बायका. २००७ च्या सिद्र वादळात साडेतीन हजारांच्या आसपास माणसं गेली, २०२० च्या अम्फानमध्ये काही डझन. गरीब देश आहे, खिशात फार पैसा नाही. पण शेजारच्या वस्तीतली ओळखीची बाई जेव्हा दारात येऊन म्हणते चल, मी पण येतेय, तेव्हा घरातली बाई उठते. तो भोंगा घेऊन फिरणारी बाई वैयक्तिक जबाबदारीच पार पाडतेय, पगार नाही तिला. पण भोंगा, प्रशिक्षण, हवामान खात्याचा संदेश आणि जायला निवारा नसता तर तिच्या जबाबदारीचं काय झालं असतं?

आणि आता जपान. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीत कामाइशी शहरातली जवळपास तीन हजार शाळकरी मुलं, ९९ टक्क्यांच्या वर, वाचली. भूकंप थांबताच एका माध्यमिक शाळेतली मुलं कुणाच्या आदेशाची वाट न बघता पळत सुटली, शेजारच्या प्राथमिक शाळेतली लहान मुलं त्यांना बघून निघाली, मोठ्यांनी लहानांचे हात धरले, ठरलेल्या जागी पोचल्यावर ती जागा पण पुरेशी उंच नाही असं वाटून अजून वर गेली, आणि परत अजून वर. कुणीही हे वैयक्तिक जबाबदारीचं आदर्श उदाहरण म्हणून सांगेल आणि ते आहेच. पण ही मुलं असं वागायला शिकली कुठे? सरकारी शाळेत, वर्षानुवर्षं, गणिताच्या उदाहरणात पण त्सुनामीचा वेग घालून त्यांना शिकवलं गेलं होतं, नकाशावर विश्वास ठेवू नका, पाणी त्याच्या पलीकडे पण येऊ शकतं, हे त्यांच्या मनावर ठसवलेलं होतं.

त्याच दिवशी ओकावा प्राथमिक शाळेत मुलांना मैदानात रांगेत बसवून ठेवलं. साधारण पन्नास मिनिटं. कुठे जायचं यावर मोठ्यांचं एकमत होईना. शेवटी निघाले ते नदीच्या पुलाकडे, आणि पाणी समोरून आलं. १०८ पैकी ७४ मुलं आणि १० शिक्षक गेले. मुलांनी सांगितलं तसं केलं होतं, जागेवर बसून राहिली होती. पालक कोर्टात गेले. सेंडाई हायकोर्टाने २०१८ मध्ये सांगितलं की चूक फक्त त्या पन्नास मिनिटांतली नाही, त्याच्या कितीतरी आधीची आहे, शाळेच्या आपत्ती आराखड्यात कुठल्या उंच जागी जायचं ते नीट ठरवलेलं नव्हतं आणि ते तपासून घेणं शिक्षण मंडळाचं काम होतं. शाळा नकाशातल्या धोक्याच्या रेषेबाहेर होती हा बचाव कोर्टाने धरला नाही, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल कायम ठेवला. शाळेची पडकी इमारत आता स्मारक म्हणून जपून ठेवलीय. मागे टेकडी आहे, जिच्यावर मुलं वर्गाच्या कामासाठी आधी चढलेली होती, मैदानापासून चालत दोनेक मिनिटांवर.